विहिरीत शिकलेलं पोहणं

कोऱ्हाळ्याच्या हिंदुरावतात्यांनी चाळीस वर्षं गावातल्या पोरापोरींना आपल्या गोल विहिरीत पोहायला शिकवलं. आता आम्ही सहाजणी अंदमानला, समुद्रातल्या पोहण्याच्या शर्यतीला निघालो होतो. तिकिटं, टोप्या, गॉगल, उन्हाचं क्रीम, सगळी तयारी झाली होती. फक्त सरळ पोहणं जमत नव्हतं.

सरावासाठी तात्यांनी आम्हाला एका मोठ्या शेततळ्यावर आणलं. पण दहा हात मारले की आम्ही सवयीनं डावीकडं वळायचो, कारण विहिरीत तिथं भिंत यायची.

"अगं, म्होरं भिंत हाय का?" तात्या काठावरून बोंबलायचे. "घाण्याला जुपल्यावानी गोल काय फिरताय?"

आठवडा गेला तरी तेच. आमचाही जीव मेटाकुटीला आला.

निघायला चार दिवस उरले, तेव्हा तात्यांचं डोकंच सणकलं. "सरळ कसं जायचं, बघा!" म्हणत त्यांनी सदरा फेकला, चपला काढल्या आणि उडी टाकली. मान पाण्यात घालून ते तावातावानं हात मारत राहिले. काठ हाताला लागला तसं डोकं वर काढून ओरडले, "आलो का न्हाय पल्याड?"

त्यांच्या हाताशी त्यांच्याच चपला होत्या.