राजाला डोळा मारायचा नाही!

किस्से जमवावे लागत नाहीत. चार मराठी बायकांना युगांडातल्या बगांडा लोकांचा नाच शिकायला एका हॉलमध्ये सोडा, आपोआप साठतात!

नाचाचं नाव बाकिसिम्बा. शिकवणारी ग्रेस माझ्या ऑफिसातली, मूळची कंपालाची. ढोलावर तिचा नवरा. हॉल सिंगापुरातल्या आमच्या पुंगोल भागातला.

*

पहिल्याच दिवशी आमच्यातल्या सुनीताने कॉलेजातली लावणी बाहेर काढली. कंबरेबरोबर भुवयाही उडायला लागल्या. ग्रेसने ढोल थांबवला.

"कंबर छान! पण हा राजवाड्यातला नाच आहे. राजाला डोळा मारायचा नाही!"

*

नाचाची गोष्ट तिनेच सांगितली. राजा केळ्याची बिअर प्यायला, खूश झाला आणि केळी लावणाऱ्यांचं कौतुक करत डुलायला लागला. वादकांनी ते शब्दच ढोलावर उचलले. "आजीने आईला दिला, आईने मला. हा नाच नसला तर आमच्याकडे लग्नाला लग्न म्हणत नाहीत," ग्रेस म्हणाली.

वैशालीताई हिरमुसल्या. आमच्यात त्या मोठ्या, साठीच्या. "मी चहापलीकडे काही प्यायले नाही गं. डुलणार कशी?"

पुढच्या शनिवारी मात्र पाय जमिनीला चिकटवून अश्शा डुलल्या, की ग्रेस बघतच राहिली. कुठे शिकलात?

"आमचे हे मरीन इंजिनीअर. जहाजावरून उतरले की दोन दिवस फ्लॅटमध्ये असेच चालतात!"

*

कंबर भरदार दिसायला हवी म्हणून वरून कापड गुंडाळतात. ग्रेसने मला न्याहाळलं आणि म्हणाली, "तुला अजून एक लागेल."

सगळा जन्म डाएटमध्ये गेला हो माझा! घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं.

*

खरी अडचण पुढेच होती. बगांडा बायका मोठ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. नाचातही तो हवाच. वैशालीताईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

"तुम्ही नुसतं वाका, चालेल," ग्रेस म्हणाली.

"नमस्कार करायचा तर नीट करायचा!"

रोज सकाळी त्या पलंगावर रजईची घडी ठेवून गुडघा टेकायचा सराव करायच्या. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, "आई, युवर नी कॅननॉट लाह!"

"कॅन!" म्हणायच्या, की पुन्हा खाली.

*

आमच्या नाचाच्या कार्यक्रमाला ग्रेसची आई कंपालाहून आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, पहिल्या रांगेत. सगळ्यांनी गुडघे टेकले. वैशालीताईंनीही टेकले, अगदी नीट. आम्ही उठलो. त्यांना उठता येईना! ढोल अडखळला.

"थांबू नका, वाजवा!" त्या ओरडल्या आणि गुडघ्यांवरच कंबर हलवायला लागल्या. चेहरा घामाने डबडबलेला.

ग्रेसची आई उठून हळूहळू स्टेजवर आली. आम्हाला वाटलं, हात द्यायला आली. तिने खांद्यावरचं कापड काढून कंबरेला करकचून बांधलं, वैशालीताईंसमोर गुडघे टेकले आणि जावयाकडे बघून काहीतरी गरजली.

ग्रेसने रडत रडत आम्हाला सांगितलं, "म्हणतेय, जोरात वाजव. आता आम्ही दोघी आहोत!"