स्त्रातोसचा खिसा का पेटला

माझा भाऊ स्त्रातोस भर दुपारी, होडीत पाहुणे बसलेले असताना, स्वतःच समुद्रात उडी मारून मोकळा झाला. ही गोष्ट ग्रीसमधल्या आमच्या नाफ्प्लिओत कुणालाही विचारा, पोट धरून हसत सांगेल. त्याच्या बायकोने पुढे काय केलं ते मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मी, तासूला नावाची त्याची बहीण, सांगते. नणंदेने भावजयीचं कौतुक करायचं म्हणजे जीभ जरा जड होतेच, पण दुसरं कुणी पुढे येत नाही त्याला मी तरी काय करू?

फ्रोसो आमच्या घरात आली ती प्रश्न घेऊनच. लग्नात मामाने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, ते हिने पहिल्याच आठवड्यात उघडलं. टिकटिक नेमकी कुठून येते ते बघायचं होतं म्हणे. पुन्हा जोडल्यावर घड्याळ चाललं, पण दोन स्क्रू उरले. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "या मुलीला प्रश्नांची खाज आहे." आई गेली, खाज राहिली. शिवण यंत्र, पाद्रीबाबांचं श्रवणयंत्र, माझा नवा मिक्सर, हिच्या हातातून काही सुटलं नाही.

धंदा मात्र तिने शांत बसून करायचा निवडला. चौकामागच्या गल्लीत तिचं खणाएवढं दुकान आहे. तिथे ती माळा ओवते. आमच्याकडे पुरुषांच्या हातात जी माळ असते, ती जपाची नव्हे, नुसता हाताला चाळा. एक मणी इकडे, एक मणी तिकडे, टक टक. फ्रोसोच्या माळा दोऱ्यात नाही, चांदीच्या साखळीत. साखळीवर मणी वाजतो चांगला आणि तुटून सांडत नाही. शेजारच्या आर्गोस गावापासून लोक तिच्याकडे यायचे ते त्या साखळीसाठीच.

स्त्रातोस धक्क्यावरून पाण्यातल्या बुर्त्झीच्या किल्ल्यापर्यंत पर्यटक पाहुण्यांची होडी चालवतो. सिगारेट त्याच्या ओठाला चिकटलेलीच असायची. आमचे वडील त्यापायीच गेले, शेवटी जिना चढवत नव्हता त्यांना, तरी हा ओढायचा. मग एका हिवाळ्यात छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता एकही ओढलीस तर मी जबाबदार नाही. निकोटिनच्या पट्ट्या लावून झाल्या, गोळ्या झाल्या, च्युइंगम झालं. शेवटी जमलं ते ई-सिगारेटवर. डॉक्टर म्हणाले, ही काही औषध नव्हे, पण त्या दुसरीपेक्षा परवडली, पुढेमागे हीसुद्धा सोड. त्याने हो म्हटलं. दीड वर्ष खरी सिगारेट त्याने हातात धरली नाही. फ्रोसोने देवळात केवढी तरी मोठी मेणबत्ती लावली.

ई-सिगारेटच्या यंत्रातली बॅटरी दुपारपर्यंत संपायची, म्हणून एक भरलेला सेल तो पँटच्या खिशात ठेवायचा. त्याच खिशात माळ.

त्या दिवशी होडी अर्ध्या वाटेवर होती. स्त्रातोस किल्ल्याचं रोजचं पुराण सांगत होता आणि मधेच थांबला. मांडीकडे बघितलं. खिशातून आधी सूं सूं आवाज, मग धूर, मग जाळ. त्याने सुकाणू सोडलं आणि उडी टाकली. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बाबिस नावाचा कोळी शेजारून चालला होता, त्याने होडी धरली, मग माझ्या भावाला धरलं आणि शेवटी वल्ह्याने पँट ओढून घेतली, कारण ती स्त्रातोसने पाण्यातच उतरवली होती. धक्क्यावरच्या कॉफीघरातल्यांना जन्मभराचा विषय मिळाला. मांडी मात्र खरीच भाजली होती, चांगली तळहाताएवढी. हसू ओसरल्यावर ते माझ्या लक्षात आलं आणि मी इस्पितळाच्या बाकावर बसून रडले.

घरी आल्यावर स्त्रातोसने ते यंत्र उचलून खिडकीबाहेर भिरकावलं. "दीड वर्ष खिशात बॉम्ब घेऊन हिंडलो," तो म्हणाला. "सिगारेटने मारलं असतं ते हळूहळू तरी. पट्टी सुटेल त्या दिवशी कॉफीघरात जाऊन सगळ्यांसमोर एक ओढणार. मला अडवायचं नाही." बाबिसने बिचाऱ्याने मैत्रीखातर पाकीटही आणून दिलं. ते उशाशी, न फोडलेलं, रोज दिसायचं.

मी भांडले. वडिलांची शपथ घातली. फ्रोसो मात्र न्हाणीघरात ती ओली पँट घेऊन बसली होती.

"काय करतेस गं?" मी विचारलं. "फेकून दे ते."

"तासूला, ती का पेटली?"

"चीनचा माल. आणखी काय."

"चीनचा तर तुझा मिक्सरही आहे. तो नाही पेटला."

"तू उघडलास तेव्हा जवळजवळ पेटला होता."

तिने ऐकलंच नाही. खिशातलं सगळं वर्तमानपत्रावर मांडलं. फुटलेला सेल, काळा पडलेला. माळ. माळेचे मणी धुरकटलेले, आणि साखळीच्या दोन कड्या एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या. ती त्या गोळ्याकडे भिंग लावून इतका वेळ बघत बसली की चुलीवरचं सूप आटलं.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ती पेरिक्लिसच्या दुकानात गेली. ई-सिगारेट तिथूनच घेतलेली. पेरिक्लिस आधीच उखडलेला होता, अर्ध्या गावाने त्याच्या नावाने बोटं मोडली होती.

"भांडायला आल्या असाल तर रांग लावा," तो म्हणाला.

"भांडायला नाही, विचारायला," फ्रोसो म्हणाली. "सेलचं पोट कसं असतं ते दाखव."

त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि एक सेल काउंटरवर ठेवला. "हे वरचं बटण दिसतं? एवढंच अधिक. बाकी हा सगळा डबा, बूड, अंग, वरची कड, सगळं उणे. दोघांच्या मधे काय आहे? हा प्लॅस्टिकचा पातळ सदरा. तो कडेला फाटला की धोका सुरू. बटण आणि अंग यांना कुठल्याही धातूने एकदम शिवलं, की आतली सगळी ताकद एका दमात बाहेर. तापतो, फुगतो, फुटतो."

"कुठल्याही धातूने?"

"चावी, नाणं, काहीही. म्हणून तर सुट्या सेलबरोबर मी डबी देतो. फुकट." त्याने एक पारदर्शक प्लॅस्टिकची डबी पुढे केली. "याला नव्हती दिली का?"

फ्रोसोने डबी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. आमच्या शहाण्याने त्या डबीत मासेमारीचे गळ ठेवले होते. पेरिक्लिसला ते सांगितल्यावर तो काउंटरवर डोकं टेकून थोडा वेळ तसाच राहिला.

तिचे प्रश्न मात्र संपेनात. आणि चार्जिंगला लावल्यावर का पेटतात? तो म्हणाला, कारण लोक हाताला येईल तो चार्जर लावतात, वर गादीवर ठेवून झोपी जातात. त्याचाच चार्जर, टणक जागी, जवळ कुणीतरी जागं. उन्हात ठेवला तर? एक जण ऑगस्टमध्ये गाडीत काचेखाली ठेवून पोहायला गेला, परत आला तेव्हा सीट नव्हती. पडून चेपला तर? वापरायचा नाही, माझ्याकडे परत आणायचा, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकायचा नाही. आणि सदरा फाटला तर? नवा मी घालून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. "पण बाई, हे सगळं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतं कोण? सगळ्यांना स्वाद कुठला घेऊ तेवढंच विचारायचं असतं."

घरी येऊन तिने विजेरीतला साधा सेल काढला, दुकानातली नवी साखळी आणली. लाकडी चिमट्यांनी साखळीची दोन टोकं सेलच्या दोन टोकांना दाबून धरली. "बोट लाव," म्हणाली. मी मूर्ख, लावलं. आणि पटकन मागे घेतलं.

"हा तर विजेरीचा," ती म्हणाली. "त्याच्या खिशातला केवढा ताकदीचा होता." मग ती स्टुलावर बसली. "तासूला, माझी साखळी होती ती. मीच ओवली, मीच त्याच्या खिशात घातली, वाढदिवसाला."

मी दार लावून घेतलं. "हे बघ, बाहेर एक अक्षर बोलू नकोस. गाव सेललाच शिव्या देतंय ना, देऊ दे. फ्रोसोच्या साखळीने नवरा पेटला म्हटलं की दुकानाला टाळं लागेल. त्याला घरात सांग काय ते."

"घरात सांगितलं तर तो म्हणेल मी त्याची समजूत घालतेय. त्याने बाबिसकरवी कॉफीघरात सगळ्यांना कळवून ठेवलंय."

मला तिचा राग आला. खरं बोलण्याची एवढी घाई लोकांना का असते मला कधी कळलं नाही. त्या संध्याकाळी ती दुकानात बसली होती, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा मणी चुकीच्या क्रमाने ओवले गेले. तीच माळ तिने तीनदा सोडवली.

पट्टी सुटली तो दिवस उजाडला. स्त्रातोस काठी टेकत, लंगडत कॉफीघरात गेला. आमच्याकडे त्या कॉफीघरात बायका पाऊल ठेवत नाहीत, कुणी मनाई केलेली नाही, पण ठेवत नाहीत. मी दारातच थांबले. फ्रोसो सरळ आत गेली. स्त्रातोसच्या ओठात सिगारेट होती आणि बाबिस काडी ओढत होता.

"काडी जरा थांबव, बाबिस," ती म्हणाली. तिने सोंगट्यांच्या पटावर विजेरीचा सेल ठेवला, साखळी लावली. "बोट लाव."

बाबिसने बाईसमोर माघार घ्यायची नाही म्हणून मुठीतच धरलं. मग हात असा झटकला की साखळी कुणाच्या तरी कॉफीत पडली. कुणी हसलं नाही.

"स्त्रातोसचा खिसा सेलने पेटवला नाही," फ्रोसो म्हणाली. "सेलचं प्लॅस्टिक फाटलं होतं आणि शेजारी माझी चांदीची साखळी होती. तुमच्यातल्या निम्म्यांच्या खिशात माझीच साखळी आहे. सेल, चाव्या, माळ एका खिशात ठेवू नका. सेल डबीत ठेवा. ज्याला साखळी नको असेल त्याने आणून द्यावी, मी दोऱ्यात ओवून देते, पैसे नकोत."

कॉफीघरात जेवढे होते तेवढ्यांचे हात खिशात गेले. टक टक बंद झाली. एकाने हळूच चाव्या बाहेर काढून टेबलावर ठेवल्या.

स्त्रातोसने ओठातली सिगारेट काढली, पण खाली ठेवली नाही. "म्हणजे मला तू पेटवलंस," तो म्हणाला.

"हो. आणि तुझ्या गळांच्या डबीने."

"गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं? आर्गोसचे लोक आता तुझ्याकडे कशाला येतील? दुकान गेलं तुझं, वेडे."

"साखळी गेली तर मणी दोऱ्यात ओवता येतात," फ्रोसो म्हणाली. "तू गेलास तर मी काय ओवू?"

बाबिसने पुन्हा ओढलेली काडी जळत बोटापर्यंत आली आणि त्याने ती फुंकली. स्त्रातोसने सिगारेट पाकिटात परत सरकवली, पाकीट बाबिसकडे ढकललं, आणि काठीवर भार देऊन उठला.

"पेरिक्लिस दुपारचं दुकान किती वाजता उघडतो?" त्याने विचारलं.