खंडेनवमीचे रोबो

आज खंडेनवमी. कारखान्यात मी ज्याची देखभाल करतो त्या रोबोला झेंडूचा हार घातला आणि त्या कडवट वासासरशी गावाकडची, पिंपळवंडीच्या घरातली ताई आठवली.

मला पुढे कॉलेजपर्यंत शिकता यावं म्हणून ताईने शाळा सोडली होती. ती रोजाने झेंडू तोडायला जायची. घरी आम्ही वहीत कॉमिक काढायचो. शेजारच्या व्हिडिओ गेममधले, मालकावर उलटलेले रोबो आणि त्यांच्याशी लढायला भाड्याच्या कॉमिकमधला हिरो. गोष्ट माझी, चित्रं तिची.

त्या खंडेनवमीला विळा-खुरप्याची पूजा झाली आणि मी वही घेऊन तिच्यापुढे बसलो. शेवटचं पान उरलं होतं.

"सगळे रोबो फोडून टाक, ताई."

"का रं? काय केलं त्यांनी?"

"काम करायला नाय म्हणत्यात."

"मग एक दिस सुट्टी दे की त्यांना. आज खुरप्याला बी हाय."

"अगं, व्हिलन हायेत ते."

ती हसली आणि चिरा पडलेल्या बोटांनी एकेक रोबो फोडत संध्याकाळपर्यंत बसली. पान किती झकास झालं, एवढंच मी पाहिलं.

आता शिफ्ट संपवून घरी टेकलो की कुणी हाकही मारू नये असं वाटतं. दसऱ्याच्या झेंडूची तोडणी आदल्या दिवशी उरकून ताईला कितीतरी दिवसांनी मिळालेली ती सुट्टी होती, आणि मी तिला निजू दिलं नाही.