बिनमोटरची नाली

चहा घ्या, पण घोट गिळल्यावरच ऐका, नाहीतर नाकातून येईल. मला मात्र ही गोष्ट सांगताना अजून हसू येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. नाव नको, तिथं मला ओळखणारी माणसं अजून आहेत. मी नगरपालिकेत नवा ओवरसियर. आमच्या वस्तीतून असल्या खुर्चीवर बसलेला पहिलाच. वस्ती नव्यानं बौद्ध झालेली, गावाच्या खालच्या टोकाला. तिच्याच शेजारी गावातल्या सगळ्या नाल्यांचं घाण पाणी एका हौदात जमायचं. तिथून विजेची मोटर ते गावाबाहेरच्या दुसऱ्या हौदात ढकलायची. तिकडे गाळ तळाला बसायचा आणि निवळलेलं पाणी भाजीच्या वाड्यांना जायचं.

ती मोटर दिवसभर करंट खायची, आणि आमच्या वस्तीत विजेचा एक खांब नव्हता. मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, गावाच्या वाट्याची वीज संपली. माझ्या डोक्यात आलं, मोटरच कशाला हवी? या हौदापासून त्या हौदापर्यंत चर खणला, थोडा उतार मिळाला, की पाणी आपल्या पायानं जाईल. वाचलेली वीज वस्तीला. विचार वाईट होता का, तुम्हीच सांगा.

जमीन डोळ्याला सपाट दिसायची, म्हणून पातळी मोजायची दुर्बीण यवतमाळहून मागवली. आता त्या जुन्या दुर्बिणीतून माणूस उलटा दिसतो, पाय वर अन् डोकं खाली. आमचे मोटर चालवणारे रहीमचाचा पट्टी धरून उभे होते, ते मला आभाळाला लटकलेले दिसले. मोजलं, आकडेमोड केली. उत्तर आलं, बाहेरचा हौद उंचावर आहे. मी म्हटलं, यंत्रात सगळं उलटं दिसतं, म्हणजे उत्तरही उलटंच धरलं पाहिजे. धरलं. मिळाला की नाही उतार?

नकाशा घेऊन नगरपालिकेच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला.

"मंग पयले मोटर कायले बसवली होती?"

प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्या दुर्दैवानं माझ्याकडे उत्तर होतं.

"साहेब, मागच्या कमिटीनं बसवली."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. मागच्या कमिटीचा मूर्खपणा त्यांना गुळासारखा गोड लागायचा.

"म्हंजे त्यायनं उतारावर मोटर लावली?"

"तसंच दिसतं, साहेब."

"काढा ते. नेरचा जिनिंगवाला कवाचा मोटर मागून राह्यला, त्याले देऊन टाकू. अन् तुमच्या वस्तीत खांब. उद्घाटनाच्या भाषणातच सांगतो मी."

झालं. चर खणून होईपर्यंत भाजीवाल्यांची अडचण नको, म्हणून रहीमचाचांनी बाहेरचा हौद काठोकाठ भरला आणि मगच मोटर काढली. मोटर बैलगाडीत बसून नेरला गेली. आमची माय घरोघरी सांगत फिरली, "माह्या बापूनं करंट आणला." बायांनी घरापुढं सडे टाकले. कंदील माळ्यावर ठेवून द्यावा का, असंही एकीनं मला विचारलं. मी म्हटलं, ठेवा.

उद्घाटनाला अर्धं गाव. अध्यक्षांनी कुदळ मारून वस्तीकडचा बांध फोडला. पाणी चरात शिरलं, दहा पावलं गेलं आणि थांबलं. उन्हात म्हशीनं बसावं तसं बसलं.

"हे थांबलं काहून?" अध्यक्षांनी विचारलं.

"सुरुवातीला जमीन पाणी पिते, साहेब."

लोक वाट पाहून राहिले. जमिनीचं पिणं संपेना. तिकडच्या टोकाचा बांध अजून बंद आहे, तोच पाणी अडवत असेल, असं मी ठरवलं, आणि पलीकडे उभ्या असलेल्या रहीमचाचांना ओरडून सांगितलं, "फोडा तिकडचा बांध." त्यांनी बिस्मिल्ला म्हणून फावडं घातलं.

थोड्या वेळानं त्यांची हाक आली. "साब, पानी आ रहा है."

अध्यक्ष खूश झाले. "जाऊन राह्यलं म्हणा, चाचा."

"नई साब. आ रहा है."

आणि ते आलं. काठोकाठ भरलेला अख्खा हौद चरातून खाली आला, आमच्या हौदावरून ओसंडला, मांडवात शिरला. अध्यक्ष टेबलावर चढले. पाणी तिथं थांबलं असतं तरी मी देवाला नाही, पण कुणाला तरी हात जोडले असते. ते वस्तीत गेलं. सडे टाकलेल्या अंगणांमधून, एकेका उंबरठ्यावरून.

पहिलं घर आमचंच. माय दारात उभी होती. तिनं पाण्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"बापू, ज्वारीचं पोतं उचल," एवढंच म्हणाली.

मी उचललं. मग शेजारच्यांचं उचललं. अंधार पडेपर्यंत आम्ही सगळे बादल्यांनी पाणी उपसत होतो. मला कोणी एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. अंधार पडल्यावर तेवढे सगळ्यांनी कंदील माळ्यावरून खाली काढले.

नेरवाला म्हणाला, कापसाचा हंगाम संपल्याशिवाय मोटर निघणार नाही. तोवर नगरपालिकेनं भाड्याचं डिझेल इंजिन लावलं. ते मोटरीपेक्षा जास्त खायचं, आणि वर धूरही सोडायचं, तोही आमच्याच वस्तीवर. खांबांचं नाव पुढं बरीच वर्षं कोणी काढलं नाही.

मला मात्र कामावरून काढलं नाही. अध्यक्षांनी बोलावून शांतपणे सांगितलं, "उद्यापासून जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसा. तिथं काही मोजा लागत नाही. माणूस येते अन् जाते."

पहिल्याच दिवशी आमच्या वस्तीतले नामदेवआबा नातवाचा जन्म लिहायला आले. खिडकीशी उभे राहिले. मी टाक उचलला, तसा त्यांनी आत हात घालून माझं मनगट धरलं.

"बापू, पयले मले नीट पाहून घे," ते म्हणाले. "मी जिता आहो. आता लिव."