मी मोडलेलं मौन

दोन हजार साल लागायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, जिभेच्या कडेला फोड आला आणि दोन महिने झाले तरी बरा होईना. तिला मशेरीची सवय होती. तपासणीसाठी तुकडा काढला, तर कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, जिभेचा काही भाग काढावा लागेल. जीव वाचेल, पण बोलणं कितपत येईल ते आत्ताच सांगता येत नाही. मखमलाबादकडे आमचा झेंडूचा मळा. फुलं मी पिकवायचो आणि नाशिकच्या बाजारात भाव तिने करायचा. तिच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. आता तिचं ते बोलणंच जाणार होतं.

मी हट्टी माणूस. देव्हाऱ्यातल्या सप्तशृंगी आईसमोर हात जोडून सांगितलं, सुमन बोलेपर्यंत मीही मौन धरीन. खरं सांगतो, या नेमाचा मला मनातून अभिमानच वाटत होता.

ऑपरेशन नीट झालं. काही दिवसांनी डॉक्टरांनी तिला बोलायचा सराव करायला सांगितलं. मी पाटीवर लिहून दाखवायचो, ती मान हलवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एक शब्द बोलायचा प्रयत्न करीना. शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडच्या एका बाईचा भाऊ होता. ती बाई मला मुकाच समजत होती. नर्सकडून माझा नेम कळला, तशी ती तरातरा आली.

"ती गप, तू बी गप! मग बोलायचं कुणी रं दादा? आईनं तोंड दिलं ते कुलूप लावाया नाय. बोल तिच्यासंगं. पाप लागलं तर माझ्या माथी."

आधी राग आला. मग सुमनकडे पाहिलं आणि रडूच कोसळलं. भक्तीच्या नावाखाली मी आईला अट घालत होतो, आणि जिला माझी गरज होती तिला एकटं टाकलं होतं. तोंड उघडलं तर बाहेर पडलं काय, "जेवलीस का गं?" नाकात नळी असलेल्या बाईला हा प्रश्न! सुमनचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. मग मोठ्या कष्टाने एक शब्द बोलली. अस्पष्ट होता, पण मला कळला. "येडं."

दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या भावाला घरी सोडलं. तिचं नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या लेखी आईनेच तिला धाडलं होतं. मी मात्र बोलत सुटलो. मुद्दाम झेंडूचा चुकीचा भाव सांगायचो, म्हणजे तो दुरुस्त करायला तरी ती तोंड उघडायची. पुढे रेडिएशनचे शेक घेताना तोंड आतून सोलून निघालं, तरी तिने सराव सोडला नाही. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, आजाराचा मागमूस नाही.

त्याच आठवड्यात आम्ही सप्तशृंगी आईच्या गडावर गेलो. सगळ्या पायऱ्या ती माझ्या पुढे चढली. मौन मोडल्याची माफी मागायला मी हात जोडले. आता कसलीच अट उरली नव्हती. आई, तू देशील ते माझं, एवढंच म्हणायचं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत सुमनच बोलली, थोडं बोबडं, पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.

"आई, ह्यांचं राहू दे. आज मी बोलते."