इराण्याच्या टेबलावरची कचेरी

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि आमच्या कचेरीची नवी घडी बसवायचं काम मुन्शीजींवर आलं. ते आमच्या उर्दू नक्कल शाखेचे, म्हणजे हाताने कागदांच्या प्रती उतरवणाऱ्यांचे, प्रमुख. अक्षर मोत्यासारखं, पण कागदावर आराखडा काढणं काही त्यांना जमेना. मग रोज दुपारी मला घेऊन ते इराण्याच्या हॉटेलात बसत आणि शेजारच्या टेबलांवरचे रिकामे कप गोळा करत.

"हे महसूल, हे जंगल खातं. आता दोघांचा संसार एक," म्हणत कपावर कप चढवत. वेटर उचलायला आला की ओरडत, "ठहरो मियाँ, अख्खं खातं घेऊन चाललात!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अखेर एकदा सगळे कप जागेवर बसले. उरला फक्त त्यांच्यापुढचा, अर्धा भरलेला.

"आणि आपली शाखा, मुन्शीजी?"

"टाइपरायटर येणार ना बाबा. आता नक्कल शाखा कशाला?"

त्यांनी चहा बशीत ओतला, नेहमीसारखा फुर्रकन प्यायला आणि वेटरला स्वतःच हाक मारली.

"हा कप घेऊन जा, मियाँ. बाकीच्यांना हात नक्को लावू."