वसंतभाऊ आणि राहिलेली शास्ती

वसंतभाऊ गेल्याचं मला देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर कळलं. जालन्याहून परत येत होतो, गाडी जराशी थांबली होती, तेवढ्यात आमच्या कचेरीतल्या शिपायाचा फोन आला. सकाळी मैदानावर गेले, खाली बसले आणि उठलेच नाहीत... खोटं कशाला सांगू, मला आधी रडू नाही, राग आला. वर्षभर आमच्या दोघांत एक गोष्ट बोलायची राहिली होती आणि हा माणूस ती तशीच टाकून निघून गेला. आज तीन आठवडे झाले, राग जायचं नाव घेत नाही.

आमच्या गावात फुटबॉल आणला तो वसंतभाऊंनी, शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी. मी त्यांचा पहिला गोलकीपर. पुढे मी नगरपालिकेच्या कर विभागात चिकटलो, ते क्लबला चिकटून राहिले. क्लबच्या टिनाच्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांना घरपट्टी. वर्गणी यायची सोयाबीन विकल्यावर, त्यामुळे दर दिवाळीला मागच्या वर्षीची पट्टी भरली जायची आणि क्लब कायम एक वर्ष मागे. उशिराचा दंड, ज्याला आम्ही कचेरीत शास्ती म्हणतो, तोही भाऊ बिनबोभाट भरायचे. मी टोकलं की म्हणायचे, आपण बुडवत नाही ना, मग झालं तर. या माणसाला मैदानातलं सगळं कळायचं आणि कागदातलं शून्य!

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या संघटनेनं नियम काढला. मार्चअखेर ज्या क्लबची पट्टी थकलेली, त्याचे सगळे संघ वर्षभर स्पर्धेबाहेर. नेमका त्याच वर्षी भाऊंनी मुलींचा संघ उभा केला होता, आमच्या गावातला पहिलाच. घरोघर जाऊन, आयाबापांच्या हातापाया पडून अकरा पोरी जमवल्या होत्या. कप्तान निकिता तर उंद्रीहून एसटीनं यायची. बुलडाण्याला जाऊन खेळायचं, एवढं एकच त्या पोरींच्या डोक्यात होतं.

त्यातच मार्चमध्ये वरून हुकूम आला, थकबाकीदारांच्या नावांचं फ्लेक्स चौकात लावा. यादी माझ्याकडे. क्लबचं नाव होतं, मी लिहिलं. न लिहून काय करतो? त्या संध्याकाळी मैदानावर सगळ्या पोरींसमोर भाऊ म्हणाले, "हा गोलकीपर होता ना, तवाही गोल याच्याच पायातून जाये." पोरी खो खो हसल्या. मी पन्नाशीचा माणूस, मान खाली घालून घरी आलो आणि बोलणं टाकलं.

मार्च संपायला चार दिवस असताना भाऊ कचेरीत माझ्या खिडकीशी आले. हातउसने करून, दारोदार फिरून पैसे जमवलेले. बिलावर कराचा जो आकडा होता तेवढेच नेमके आणलेले. आता, भरलेला पैसा आधी शास्तीत वळता होतो आणि उरला तर करात, हे दर दिवाळीला दोन्ही रकमा एकदम भरणाऱ्या माणसाला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. थोडी बाकी राहते हे मला समोर दिसत होतं. एका वाक्याचं काम होतं. मी पावती फाडली, सरकवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

थकबाकीदारांची यादी संघटनेकडे गेली, संघ बाद झाला. दुसऱ्याच आठवड्यात उरलेली रक्कम मी माझ्या खिशातून भरली. पण तारीख उलटली होती, संघटनेनं ऐकलं नाही. भाऊ बुलडाण्याला जाऊन भांडले. "दंड मले लावा, क्लबच्या खोल्यायले कुलूप लावा. पोरीयनं कोणता कर बुडवला?" साधा प्रश्न होता, पण नियमावर बोट ठेवून बसलेल्या माणसांनी पुन्हा नियमच वाचून दाखवला. मग पोरींच्या घरचे म्हणू लागले, खेळूच देत नाहीत तर रोज जाऊन करता काय? अकरातल्या चौघी उरल्या. निकिताचं येणं बंद झालं. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, पण पावसापाण्याचं. त्या खिडकीचं नाही.

परवा भाऊंच्या घरी वहिनींकडे गेलो आणि एकदाचं सांगून टाकलं, की वहिनी, मला त्या दिवशी माहीत होतं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

"तेहीले कळलं होतं, भाऊजी. घरी येऊन म्हणे, सुधाकरनं पावती देतानी वर पाह्यलं नाही, काही तरी राह्यलं हाये. म्या म्हटलं, मंग इचारून या ना. तर म्हणे, म्या त्याले पोरीयसमोर बोललो, रागात हाये तो. येईन तो सांगाले. रोज सांजच्याले ओट्यावर दोन खुर्च्या टाकून बसत. मार्च संपला तवा एक खुर्ची आत नेली."

अहो, पण विचारायचं ना! मोठेपणा कुठं गेला होता? आणि माझा तरी कुठं गेला होता...

आमच्या कचेरीपासून त्यांच्या ओट्यापर्यंत चालत सहा मिनिटं लागतात. परवा वहिनींकडून परत जाताना मी घड्याळ लावून पाहिलं.